अँटेनावरचा टीव्ही रेकॉर्ड करायचा तर कोणता डीव्हीआर घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनला टाउनहाउस, दोन टीव्ही, केबल बंद करायची आहे. भिंतीला चिकटवायचा पातळ अँटेना लावून पाहिला, बरीच चॅनेल्स दिसली. आता मुलांचं पीबीएस (सार्वजनिक टीव्ही), रविवारचं फुटबॉल आणि रात्रीच्या दोन-तीन मालिका रेकॉर्ड करायच्या आहेत. आई-बाबा वर्षातले सहा महिने इथे असतात, त्यांनाही रिमोट जमायला हवा. टॅब्लो, एचडीहोमरन, प्लेक्स, टिवो यांतलं काय घ्यावं? आणि पुण्यातल्या भावासाठी तसलाच एक डबा नेता येईल का?

मी प्रक्षेपणाच्या क्षेत्रात काम करतो आणि ओळखीच्यांच्या घरी अशा जोडण्या करून देतो. त्यामुळे आधी झटपट उत्तर देतो, मग कारणं. घरात कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायची आणि सॉफ्टवेअरशी खटपट करायची हौस नसेल तर टॅब्लो घ्या आणि विषय संपवा. थोडी हौस असेल तर एचडीहोमरनचा चार ट्यूनरचा (म्हणजे एका वेळी चार चॅनेल्स पकडणारा) डबा घ्या आणि त्यावर चॅनेल्स डीव्हीआर हे सॉफ्टवेअर चालवा. टिवोचा नाद सोडा. प्लेक्स तुमच्याकडे आधीपासून असेल तरच त्याचा विचार करा. पण तुमच्या बाबतीत डब्याच्या आधी अँटेनाचं काहीतरी करावं लागणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बरीच चॅनेल्स दिसली म्हणता, पण कोणती ते लिहिलेलं नाही. एडिसनहून न्यूयॉर्कचे मनोरे ईशान्येला, साधारण तीस मैलांवर. तिथली मोठी स्टेशनं एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून प्रक्षेपण करतात. मेख अशी आहे, की सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात आहेत, पण एबीसीचं डब्ल्यूएबीसी खरोखरच ७ नंबरवर आहे, डब्ल्यूपीआयएक्स ११ वर, आणि पीबीएसचं डब्ल्यूएनईटी पडद्यावर १३ दाखवत असलं तरी प्रत्यक्षात १२ वर. ७ ते १३ हा व्हीएचएफचा वरचा पट्टा. तिथली तरंगलांबी दीड मीटरच्या आसपास, म्हणजे ती नीट पकडायला अँटेनाचा दांडा टोकापासून टोकापर्यंत पाऊण मीटरचा तरी हवा. भिंतीवरचा पातळ अँटेना असतो फूट-सव्वा फूट. त्यावर सीबीएस लख्ख दिसतं, आणि मुलांना हवं ते पीबीएस नेमकं अडखळतं.

लाइव्ह बघताना चित्र दोन सेकंद फुटलं तर आपण सोडून देतो. रेकॉर्डिंगमध्ये ते फुटलेलं तसंच राहतं, आणि काही सॉफ्टवेअर सिग्नल तुटला की एका कार्यक्रमाच्या दोन फाइली करून ठेवतात. डीव्हीआर खराब आहे म्हणून मला बोलावणं येतं, तेव्हा बहुतेक वेळा दोष अँटेनाचा किंवा केबलच्या सैल कनेक्टरचा निघतो. व्हीएचएफचे लांब दांडे असलेला साधा यागी पद्धतीचा अँटेना पोटमाळ्यावर, ईशान्येकडे तोंड करून लावा. पोटमाळा नसेल तर तुमच्या डेकवर किंवा गॅलरीत लावा. एचओए, म्हणजे तुमची सोसायटी, नको म्हणाली तर एफसीसी या अमेरिकेच्या प्रसारण नियामक संस्थेचा १९९६ पासूनचा नियम दाखवा. जी जागा फक्त तुमच्या वापरात आहे तिथे टीव्हीचा अँटेना लावायला सोसायटी सरसकट मनाई करू शकत नाही. सामाईक छप्पर मात्र त्या नियमात येत नाही, तिथे भांडू नका. बाहेर लावलात तर अर्थिंग करून घ्या.

फिलाडेल्फियाची स्टेशनंही मिळवावीत असा मोह एडिसनकरांना हमखास होतो. ती नैर्ऋत्येला, पन्नासेक मैलांवर, म्हणजे जवळजवळ पाठीमागे. त्यात तिथलं एबीसी, डब्ल्यूपीव्हीआय, अजून ६ नंबरवर, व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात बसलंय. तो पट्टा घरातल्या विजेच्या उपकरणांच्या खरखरीला सगळ्यात आधी बळी पडतो. घरात कोणी ईगल्सचा (फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचा) कट्टर चाहता नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. अँप्लिफायरही लगेच विकत आणू नका. तीस मैलांवर न्यूयॉर्कचा सिग्नल दणकट असतो. वर अँप्लिफायर लावला तर ट्यूनर गुदमरतो आणि आहेत ती चॅनेल्सही जातात.

आता डीव्हीआर. आपण त्याला एक डबा समजतो, पण आत कामं पाच: सिग्नल पकडणारा ट्यूनर, लिहून ठेवणारी डिस्क, काय कधी लागणार ते सांगणारं गाइड, हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर, आणि टीव्हीवर दाखवणारं ॲप. पाचही कामं एकाच कंपनीच्या एकाच डब्यात असली तर लावायला सोपं जातं. कंपनीनं हात वर केले की मात्र पाचही एकदम जातात. या धंद्यात कंपन्या हात वर करतात, हे मी मत म्हणून सांगत नाही, इतिहासच तसा आहे. टिवो आणि रिप्लेटीव्ही दोन्ही १९९९ साली बाजारात आले. रिप्लेटीव्ही कधीच गेलं. मायक्रोसॉफ्टचं विंडोज मीडिया सेंटर अनेकांनी डोक्यावर घेतलं होतं, पण विंडोज १० मध्ये ते आलंच नाही आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचं गाइडही बंद झालं. ॲमेझॉननं २०१८ मध्ये फायर टीव्ही रीकास्ट आणला आणि २०२२ मध्ये विकणं थांबवलं. चॅनेल मास्टरचे डीव्हीआरही असेच आले आणि गेले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून खुद्द टिवोनं डीव्हीआरचे डबे विकणं बंद केलं. शेंगदाण्याच्या आकाराच्या त्या रिमोटइतका हाताला बसणारा रिमोट पुन्हा कोणी केला नाही, हे टिवोच्या बाजूनं म्हणायलाच हवं. जुना टिवो एज आजीवन सेवेसकट कोणी स्वस्तात देऊ केला तरी गाइड किती वर्षं चालू राहील याचा भरवसा धरून पैसे घालू नका.

म्हणून मी खरेदीला सोबत गेलो की एकच गोष्ट तपासतो: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय उरेल? ट्यूनर दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडता आला आणि रेकॉर्ड केलेल्या फाइली व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरवर चालल्या, तर नुकसान एका सबस्क्रिप्शनपुरतं. एचडीहोमरन मला आवडतो तो यासाठी.

हा सिलिकॉनडस्ट कंपनीचा डबा. त्याला टीव्हीची तार लागतच नाही. एका बाजूनं अँटेनाची केबल आत जाते, दुसऱ्या बाजूनं इथरनेटची तार राउटरला. घरातला कुठलाही टीव्ही, फोन, टॅबलेट नेटवर्कवरून चित्र मागतो. याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. दोन टीव्हींसाठी अँटेनाची केबल फोडायला स्प्लिटर लावला की प्रत्येक फाट्यावर सिग्नल निम्म्याहून कमी होतो. इथे स्प्लिटरच नाही, एकच केबल एकाच डब्यात. फ्लेक्स ड्युओमध्ये दोन ट्यूनर, फ्लेक्स क्वाट्रोमध्ये चार. किंमत विक्रेत्यानुसार बदलते, पण क्वाट्रो साधारण दीडशे ते दोनशे डॉलरच्या घरात बसतो.

याच डब्याच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्वतःच्या पानावर लावलेल्या चॅनेलचे तीन आकडे दिसतात: सिग्नलचा जोर, सिग्नलचा दर्जा आणि सिम्बॉल क्वालिटी, म्हणजे किती माहिती बिनचूक पोचली ते. पहिल्या आकड्याकडे सगळे बघतात, महत्त्वाचा तिसरा आहे. तो १०० च हवा. ९७ म्हणजे नापास, चित्र फुटणारच. अँटेना फिरवताना फोनवर हे पान उघडं ठेवायचं, ७, ११ आणि १२ या तिन्हींवर १०० टिकेपर्यंत अँटेना थोडा थोडा हलवायचा आणि मगच स्क्रू आवळायचा. जोर ८० वर असून सिम्बॉल क्वालिटी घसरत असेल तर अँप्लिफायर काढा किंवा अँटेना हलवा. भिंतीवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लाटा एकमेकींवर आदळत असतात.

एचडीहोमरनचं स्वतःचं डीव्हीआर सॉफ्टवेअर आहे, वर्षाला ३५ डॉलर. फ्लेक्सच्या मागे यूएसबी हार्ड डिस्क खोचली की कॉम्प्युटरशिवाय रेकॉर्डिंग सुरू. त्या पैशांत दोन आठवड्यांचं गाइड मिळतं आणि फाइली साध्या, कुठेही चालणाऱ्या. ॲप मात्र रुक्ष. चालतं, पण वापरायला मजा येत नाही. जाहिराती टाळायची सोय इतरांइतकी चांगली नाही.

त्याच डब्यावर चॅनेल्स डीव्हीआर बसवलं की चित्र पालटतं. महिन्याला ८ किंवा वर्षाला ८० डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त. पण चॅनेल झटक्यात बदलतं, गाइड देखणं आहे, ॲपल टीव्हीवर किंवा गूगल टीव्हीवर आजीसुद्धा वापरेल इतकं सरळ. हे चालवायला घरात एक कायम चालू असलेलं यंत्र लागतं: जुना मॅक, छोटा पीसी, सिनॉलॉजीसारखा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), अगदी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटरही. एक अडचण आधीच सांगून ठेवतो, याचं रोकूसाठी ॲप नाही. तुमचे दोन्ही टीव्ही रोकूवाले असतील तर प्रत्येकाला एक वेगळी काडी (टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक) घ्यावी लागेल, तो खर्च हिशेबात धरा.

प्लेक्स मुळात स्वतःच्या फिल्मा, फोटो, गाणी ठेवण्यासाठी. डीव्हीआर त्याला नंतर जोडला गेला, आणि ते वापरताना कळतं. लाइव्ह चॅनेल लावायला वेळ लागतो. डीव्हीआरसाठी प्लेक्स पास ही पैसे भरायची सदस्यता घ्यावी लागते, आणि त्याची आजीवन किंमत २०२५ च्या एप्रिलमध्ये १२० डॉलरवरून एकदम २५० झाली. ज्यांनी आधी घेऊन ठेवला ते सुखी. रेकॉर्ड करून नंतर बघण्यापुरता तो उत्तम आहे, शिवाय फुटबॉलपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत सगळं एका जागी येतं. नवीन माणसानं फक्त अँटेनासाठी घ्यावा, असं मी म्हणणार नाही.

जेलीफिन हे प्लेक्ससारखंच सॉफ्टवेअर, पण फुकट, मुक्त स्रोत. २०१८ च्या शेवटी एम्बी या दुसऱ्या सॉफ्टवेअरातून फुटून निघालं. पैसे मागत नाही, पण वेळ मागतं. गाइड आपलं आपण आणायचं, बहुतेक जण स्केड्यूल्स डायरेक्ट या ना-नफा संस्थेकडून वर्षाला साधारण ३५ डॉलरला घेतात. म्हणजे फुकटही पूर्ण फुकट नाहीच. मिथटीव्ही २००२ पासून चालत आलंय आणि अजून लोक वापरतात. पण ज्यानं हा प्रश्न विचारला त्याच्यासाठी ते नव्हे, ज्याला लिनक्सचं वेड आहे त्याच्यासाठी.

गाइडसाठी पैसे कशाला, असं सगळेच विचारतात. हवेतून येणाऱ्या सिग्नलमध्येच थोडं वेळापत्रक असतं, पण ते प्रत्येक स्टेशन आपापल्या मर्जीनं पाठवतं, बरेचदा काही तासांचंच. भाग नवा की जुना, कितव्या सीझनचा, हे त्यात नीट नसतं. “या मालिकेचे फक्त नवे भाग रेकॉर्ड कर” हे सांगायचं तर दोन आठवड्यांचं स्वच्छ वेळापत्रक लागतं, आणि ते तयार करणाऱ्या कंपन्या मोजक्याच. डीव्हीआर बंद पडतात ते बहुधा याच खर्चापायी.

टॅब्लो मग कुठे बसतो? ही मूळची कॅनडातल्या ओटावाची कंपनी, २०२२ मध्ये स्क्रिप्स या अमेरिकन प्रसारण कंपनीनं घेतली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी चौथ्या पिढीचा डबा काढला: दोन ट्यूनर, आत १२८ जीबी जागा, किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी, आणि गाइडला कायमचे शून्य पैसे. पुढे चार ट्यूनरचाही आला. कंपनीच्या हिशेबानं आतल्या जागेत ५० तास मावतात, आणि मागे यूएसबी डिस्क लावता येते. रोकू, फायर टीव्ही, गूगल टीव्ही, सगळीकडे ॲप आहे. यालाही एचडीएमआय नाही. डबा आणला आणि टीव्हीला लावायची तार सापडेना, असे फोन मला येतात. तो घरच्या नेटवर्कवर बसतो आणि ॲपमधून दिसतो.

माझ्या कसोटीला टॅब्लो उतरत नाही, हे उघड आहे. रेकॉर्डिंग डब्याबाहेर काढायची सोय कंपनीनं दिलेली नाही, ट्यूनर दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचा तर तेही नाही. उद्या स्क्रिप्सनं विचार बदलला तर हातात प्लास्टिक उरेल. तरीही मी तो सुचवतो, कारण शंभर डॉलरचा डबा चार वर्षं चालला तरी महिन्याला दोन डॉलर पडतात, आणि बहुतेक लोक रेकॉर्ड केलेलं एकदा बघतात आणि पुसतात. मुलीच्या शाळेचं संचलन स्थानिक बातम्यांत आलं, ते जपून ठेवायचंय, असं असेल तर टॅब्लो नको.

सगळ्यात स्वस्त पर्याय राहिला: मीडियासॉनिकसारखे तीस-चाळीस डॉलरचे कन्व्हर्टर बॉक्स. यूएसबी लावली की रेकॉर्ड करतात. एकच ट्यूनर, वेळ स्वतः भरायची, जुन्या व्हीसीआरसारखी. एका टीव्हीसाठी, महिन्यातून एखादा सामना टिपायला ठीक.

ट्यूनर किती हवेत, यावर मी चार म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं हा उगाच खर्चात पाडतोय. रविवारची संध्याकाळ घ्या. सीबीएसवर दुपारचा सामना लांबतो आणि त्यामागून येणारं ‘सिक्स्टी मिनिट्स’ ठरलेल्या वेळेच्या वीस-तीस मिनिटं उशिरा सुरू होतं. दर मोसमात होतं. गाइडला हे कळत नाही, ते सात म्हणजे सातच धरून चालतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटी तासभर जास्तीचा वेळ लावून ठेवायचा. सामन्यालाही पुढे तासभर. आता सात वाजता ट्यूनर एक सामन्याच्या शेपटीत अडकलेला, ट्यूनर दोन सिक्स्टी मिनिट्सवर (काही सॉफ्टवेअर एकाच चॅनेलला एकच ट्यूनर वापरतात, सगळी नाही). आठ वाजता एबीसीवर तुमची मालिका सुरू, त्याच वेळी सिक्स्टी मिनिट्सची जास्तीची वेळ चालूच. आणि सव्वाआठला आई-बाबांना खालच्या टीव्हीवर एनबीसी बघायचंय. दोन ट्यूनरचा डबा इथे “ट्यूनर उपलब्ध नाही” म्हणून हात वर करतो, आणि वरून खाली भांडण सुरू होतं. फुटबॉल नसलेल्या घरात दोन ट्यूनर चालतात. तुमच्या घरात चार.

जागेचा हिशेब सोपा आहे. एका प्रक्षेपण चॅनेलची पूर्ण क्षमता सेकंदाला १९.३९ मेगाबिट, म्हणजे तासाला पावणेनऊ जीबीच्या आसपास. प्रत्यक्षात स्टेशन त्यातच तीन-चार उपचॅनेल्स कोंबतं, त्यामुळे मुख्य एचडी चॅनेलला तासाला ५ ते ७ जीबी लागतात. साडेतीन तासांचा फुटबॉल सामना २० जीबीच्या आसपास. एक टीबीत दीड-दोनशे तास बसतात, ते पुष्कळ झाले. पेन ड्राइव्ह मात्र लावू नका. सतत लिहून तो लवकर झिजतो. सीसीटीव्हीसाठी विकतात त्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारख्या हार्ड डिस्क सतत लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात.

चित्राच्या दर्जाबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण तक्रार याचीच जास्त येते. हवेतून येणारं चित्र एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीत असतं. सीबीएस आणि एनबीसी १०८० ओळी इंटरलेस करून पाठवतात, म्हणजे एकाआड एक ओळी. एबीसी आणि फॉक्स ७२० पूर्ण ओळी. वेब ब्राउझर आणि बरेच फोन एमपीईजी-२ चालवत नाहीत, मग सर्व्हरला, म्हणजे डीव्हीआरचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या यंत्राला, ते चालू असतानाच बदलून द्यावं लागतं. इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याची खास सोय) असेल तर हे बिनबोभाट होतं. रास्पबेरी पाय किंवा स्वस्तातला नॅस असेल तर धाप लागते आणि चित्र अडखळतं. म्हणून ॲपल टीव्ही किंवा एनव्हिडियाच्या शील्डसारखा, मूळ चित्र जसंच्या तसं घेऊन स्वतः सोडवणारा प्लेअर असेल तर सर्व्हर साधा चालतो. प्लेअर स्वस्त असेल तर सर्व्हर भारी लागतो. आणि ट्यूनर डबा नेहमी इथरनेटच्या तारेनंच जोडा. दोन टीव्ही वायफायवर चालतील, पण डबा वायफायवर नको. राउटर एका खोलीत आणि केबल दुसऱ्या खोलीत निघत असेल तर भिंतीतली जुनी केबलवाल्यांची तार मोका ॲडाप्टर लावून इथरनेटसारखी वापरता येते.

जाहिराती वगळण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत कॉमस्किप नावाच्या मुक्त स्रोत प्रोग्रॅमसारख्या पद्धतीवर चालते. तो पडदा काळा होणं, आवाज तुटणं, कोपऱ्यातला स्टेशनचा लोगो गायब होणं, यावरून जाहिरात ओळखतो. मालिकांत चांगला अंदाज येतो, फुटबॉलमध्ये फसतो. प्लेक्समध्ये जाहिराती फाइलमधून कायमच्या कापून टाकायचा पर्याय आहे, तो बंदच ठेवा. नुसत्या खुणा करू द्या. चुकीची खूण असेल तर मागे जाता येतं, कापलेलं परत येत नाही.

विक्रेते हल्ली एटीएससी ३.० किंवा नेक्स्टजेन टीव्ही या प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतीचं तुणतुणं वाजवतात. तंत्र खरोखर चांगलं आहे: नवं मॉड्युलेशन, एचईव्हीसी या नव्या पद्धतीनं दाबलेलं चित्र, कमी सिग्नलवरही टिकणारं. गाडी अडते ती कुलूपबंदीवर. बऱ्याच शहरांत स्टेशनांनी ३.० चा सिग्नल एन्क्रिप्ट केला आहे, आणि एचडीहोमरनचा फ्लेक्स ४के डबा ३.० पकडत असला तरी कुलूपबंद चॅनेल्स दाखवू शकत नाही. एलजीनं पेटंटच्या वादामुळे २०२४ च्या टीव्हींतून हा ट्यूनरच काढला. उलट बाजूनं, प्रसारकांच्या एनएबी या संघटनेनं २०२५ च्या फेब्रुवारीत एफसीसीकडे मागणी केली, की मोठ्या ५५ बाजारपेठांत जुनं प्रक्षेपण फेब्रुवारी २०२८ मध्ये आणि उरलेल्या ठिकाणी २०३० मध्ये थांबवावं. न्यूयॉर्क त्या ५५ मध्ये पहिलंच. ती तारीख मागणीतली आहे, ठरलेली नाही, पण नजर असू द्या. आज ३.० च्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका, आणि आज घेतलेला डबा दहा वर्षं पुरेल असंही धरू नका. मी साध्या क्वाट्रोवर थांबतो, आणि अँटेनावर मात्र हात आखडता घेत नाही. अँटेना दोन्हींना तोच लागतो.

पैशांचं म्हणाल तर पाच वर्षांचा आडाखा बघा. टॅब्लो आणि डिस्क मिळून दोनशेच्या आत. क्वाट्रो, डिस्क आणि त्याचंच सबस्क्रिप्शन मिळून साडेचारशेच्या आसपास. क्वाट्रो आणि चॅनेल्स डीव्हीआर साडेसहाशे-सातशे, घरात जुना कॉम्प्युटर पडून आहे असं धरून. यूट्यूब टीव्ही जानेवारी २०२५ पासून महिन्याला ८३ डॉलर, म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ पाच हजार. त्यात ईएसपीएन वगैरे मिळतं जे अँटेनावर नाही, तेव्हा ही तुलना सरळ नाही. पण तुमच्या यादीतलं सगळं हवेतून फुकट येतं.

कायद्याची शंका काहींना असते. घरी नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं वैध आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. लोकांसाठी अँटेना भाड्यानं लावून इंटरनेटवरून दाखवणाऱ्या एरिओला त्याच न्यायालयानं २०१४ मध्ये रोखलं. म्हणून स्वतःच्या घरी हवं तितकं रेकॉर्ड करा, मित्रमंडळाला पासवर्ड वाटत बसू नका.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी करा. टीव्ही सुरू झाल्यावर तेच ॲप आपोआप उघडेल असं सेटिंग लावा, आणि आवडती चॅनेल्स सोडून बाकीची सगळी लपवा. न्यूयॉर्कच्या हवेत खरेदीच्या आणि धर्मोपदेशाच्या उपचॅनेल्सची इतकी गर्दी आहे, की सगळी ठेवली तर त्यांना पीबीएस सापडणार नाही. मराठी चॅनेल अँटेनावर मिळणार नाही, ते आधीच सांगून टाका. त्यासाठी झीसारखं ॲप त्याच काडीवर ठेवा, रिमोट एकच राहील.

पुण्याच्या भावाला हा डबा नेऊ नका. अमेरिकेतले ट्यूनर एटीएससी पद्धतीचे. भारतात दूरदर्शननं जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ पद्धतीनं केलं, आणि जुनी ॲनालॉग केंद्रं ३१ मार्च २०२२ पर्यंत मोजकी वगळता बंद झाली. तिथे फुकट टीव्ही म्हणजे डीडी फ्री डिश, उपग्रहावरून. त्याला लहान डिश आणि सेट टॉप बॉक्स पुरतो. यूएसबी रेकॉर्डिंग असलेला बॉक्स तिथेच, लक्ष्मी रोडच्या आसपासच्या दुकानांत बघायला सांगा. घेताना एकच विचारायचं: रेकॉर्ड केलेली फाइल दुसऱ्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर चालते का? दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून दाखवायला सांगायचं, कारण कित्येक बॉक्सांचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, बाहेर नाही.